पहिल्या पिंजऱ्यातली अठरा

९ सप्टेंबर, मंगळवार

सात झाली! काल एकाच कबुतराच्या डोळ्याशी बारीक दाणा दिसला होता. मी म्हटलं, चोच लागली असेल कुणाची. आज सात जणांच्या पापण्यांवर आणि चोचीच्या कडेला मसुराएवढ्या खपल्या. तुर्भेवालीचा डावा डोळा तर पूर्ण मिटलाय.

नावं दत्तूची. ट्रस्टच्या या जखमी कबुतरांच्या निवाऱ्यात दिवसभर शेडवर सगळं बघणारा तोच. जखमी पाखरू ज्या ठिकाणाहून आलं तेच त्याचं नाव. तुर्भेवाली, सानपाडावाला, कोपरखैरण्याची थोरली, कोपरखैरण्याची धाकटी. मांज्याने पंख कापलेली, काचेवर आपटलेली, आता कधी न उडणारी एकशे चार कबुतरं, आणि सगळ्यांचे पत्ते त्याला तोंडपाठ. मला अजून वीससुद्धा ओळखता येत नाहीत.

जनावरांच्या डॉक्टरला, निशांतला फोटो पाठवले. अर्ध्या तासात त्याचा फोन. "शर्मिलाताई, ही कबुतरांची देवी आहे. माणसांना होत नाही, घाबरू नका. व्हायरस आहे, डासांमधून पसरतो. आजारी आहेत त्यांना औषध नाही, नुसतं खायला-प्यायला घालत राहायचं. पण जी अजून चांगली आहेत त्यांना लस देता येईल. लवकर द्यायला हवी."

डास! मग काय नवल. शेडच्या मागे बिल्डरने पायाचा खड्डा खणून ठेवलाय. तीन महिने झाले, काम बंद. आत पुरुषभर पाणी. संध्याकाळी शेडमध्ये उभं राहवत नाही. मी दोनदा सांगून आले त्या लोकांना. दोनदा! भिंतीशी बोलले असते तर भिंतीने ऐकलं असतं.

१० सप्टेंबर

साइटवर जाऊन भांडले. सुपरवायझर म्हणतो, "आजी, पाणी आहे तर डास होणारच ना." आजी म्हणे! मी तुझी आजी असते तर तुला त्याच खड्ड्यात उभा केला असता, असं तोंडावर सांगून आले.

शेवटी दत्तूने गॅरेजमधून जळकं ऑइल आणलं आणि आम्ही दोघांनी ते पाण्यावर ओतलं. एवढ्या मोठ्या उलव्यात हे काम एक साठीची बाई आणि एक पन्नाशीचा माणूस करतायत.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

ट्रस्टचे सेक्रेटरी श्यामसुंदर. पांढरा शर्ट, दोन फोन. लशीचं सांगितलं तर हसले. "कबुतरांना लस? उद्या त्यांचं आधार कार्ड काढाल."

मी हसले नाही. म्हटलं, चौदा आजारी आहेत, आठवड्यात चाळीस होतील. मग म्हणाले, बैठकीत ठेवतो. बैठक कधी? पुढच्या महिन्यात. माझं डोकंच फिरलं. एकतीस वर्षं पालिकेच्या दवाखान्यात नर्स होते मी. झोपडपट्टीत चिखल तुडवत जाऊन पोरांना लशी टोचल्या. साथ बैठकीची वाट बघत नाही हे मला कुणी शिकवायला नको. खुर्चीतून उठलेच नाही. साहेब दोन फोन संपवून परत आले तरी मी तिथेच.

शेवटी तयार झाले, पण अट घातलीच. लस अठरा तारखेला द्यायची, कारण त्या दिवशी देणगीदार पाहुणे येणार आहेत. "चांगले फोटो होतील."

सहा दिवस! फोटोसाठी! घरी येऊन सुधीरवर ओरडले. नवरा बिचारा भाजी निवडत होता. म्हणाला, "मी काय केलं?" काही नाही केलं. तोच समोर होता.

१४ सप्टेंबर

देवाची कृपा म्हणायची की ऑइलची, नवीन कोणी आजारी नाही. चौदावर थांबलंय. चौदांना वेगळ्या जाळीत ठेवलंय. दत्तू भिजवलेले हरभरे बोटांत धरून, जिभेने टक-टक आवाज करत एकेकाला भरवतो. डोळे मिटलेली पाखरंसुद्धा त्या आवाजाला मान वर करतात. मी करून बघितलं, मान फिरवतात मेली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

झालं एकदाचं! नव्वद पक्ष्यांना लस. हात गळून गेलाय पण लिहितेच.

दत्तू पहाटे तळोज्याला जाऊन लस घेऊन आला. डब्यात बर्फ, बर्फात दोन बाटल्या. निशांत येणार होता पण कुठल्या तरी गोठ्यात म्हशी आजारी पडल्या म्हणून अडकला. त्याने फोनवर समजावायला घेतलं. दोन टोकांची सुई लशीत बुडवायची, पंखाच्या आतल्या पातळ कातडीतून आरपार टोचायची, शीर चुकवायची. पुढे अजून काही सांगत होता. मी म्हटलं, "बाळा, तुझ्या जन्माआधीपासून मी लशी टोचते. मला शिकवू नकोस." हसला. "बरं ताई, पण एक—" मी फोन ठेवला. एका हातात सुई, एका हातात फोन, किती ऐकणार?

पहिला पिंजरा झटकन झाला. अठरा पक्षी. दत्तू पाखरू असं धरतो की त्याला कळतसुद्धा नाही. एका हातात पाय, दुसऱ्या हाताने पंख पंख्यासारखा उघडायचा. टोचलं की लगेच सोडायचं.

मग आले पाहुणे. श्यामसुंदर पुढे, मागे सहा जण, मोबाइल वर धरलेले. एक बाई नाकाला रुमाल लावून म्हणाली, "असंच टोचतात? काही पुसत वगैरे नाही? किती अनहायजिनिक आहे हे!" आणि श्यामसुंदर माझ्याकडे बघून म्हणतो, "हो ना, सिस्टर, जरा स्वच्छता पाळा."

मला! स्वच्छता! माझ्या वॉर्डात फरशीवर जेवता आलं असतं. कानशिलं तापली माझी. दत्तूला म्हटलं, कपाटातून स्पिरिटची बाटली आण, कापूस आण. एकेक पंख दोनदा पुसला त्या बाईच्या नाकासमोर, आणि मगच टोचला. बघ म्हटलं. बघत बस. मधेच श्यामसुंदरने दत्तूला पाहुण्यांसाठी चहा करायला पिटाळलं. वीस मिनिटं मी आणि पाखरं नुसती थांबून! परत आला तर बघते, लशीच्या डब्याचं झाकण अर्धवट उघडं. चांगलंच झापलं त्याला, सगळ्यांसमोर. तो म्हणाला, "म्याडम, येक बोलू का?" मी म्हटलं, आधी काम.

उरलेले बहात्तर संपवूनच उठले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या रुमालवालीनेसुद्धा.

१९ सप्टेंबर

उजवा खांदा वर जात नाही. सुधीर म्हणतो, झोपेतसुद्धा टोचत होतीस.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मला आज कुणाला तरी फाडून खावंसं वाटतंय.

आज आठवा दिवस. निशांतने सांगितलं होतं, आठव्या दिवशी टोचलेली जागा बघा. गाठ आली, वर खपली धरली, तर लस लागली. काहीच नाही, तर वाया गेली.

पहिल्या पिंजऱ्यात अठरापैकी सोळांना छान गाठी. मी खूश. दुसरा पिंजरा उघडला. कातडी कोरी. तिसरा, चौथा. प्रत्येक पंख उघडून उजेडात धरून बघितला. बहात्तरात एकही नाही. एकही! आणि दोघांच्या डोळ्यांशी तेच दाणे सुरू झालेत.

कसं शक्य आहे? सुई तीच, हात तोच, लस तीच. पहिल्या पिंजऱ्यानंतर बदललं काय? डबा! झाकण उघडं टाकून हा गृहस्थ चहा उकळत बसला. लस उष्णतेने मरते हे माझ्या दवाखान्यातल्या शिपायालाही माहीत होतं.

समोर उभा केला त्याला. "म्याडम, मना शेठनी धाडला. बर्फ तसाच व्हता, मी हात लावून बगितला." म्हटलं, हात लावून बघायला तो काय आंघोळीचं पाणी होतं? बहात्तर जीव, दत्तू! मग मी निवाऱ्याच्या ग्रुपवर लिहिलं. नाव घेऊन. दत्तूच्या निष्काळजीपणामुळे लस वाया गेली, असं.

श्यामसुंदरला एरवी निर्णय घ्यायला महिना लागतो. आज दोन तासांत घेतला. दत्तूला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. नऊ वर्षं होता तो इथे. जाताना सगळ्या वाट्या घासून पालथ्या घालून गेला.

बरं झालं. चूक केली की भोगायला हवी. दवाखान्यात मी हेच करत आले.

२८ सप्टेंबर

दोन गेली.

३० सप्टेंबर, मंगळवार

आजपर्यंत पाच. बहात्तरांतली वीस आजारी. काहींच्या घशात पिवळा थर आलाय, गिळता येत नाही. देवीने मरत नाहीत ती, भुकेने मरतात.

एजन्सीने पाठवलेला नवा माणूस हातात दोन-दोन ग्लोव्हज घालतो आणि दाणे लांबून फेकतो. आंधळ्या पाखरांना! मी म्हटलं, हातात धरून भरव. तो म्हणतो, "ड्युटी में नहीं है." मी स्वतः बसले भरवायला. दोन तासांत सहा जणांनी खाल्लं. टक-टक करून जीभ दुखायला लागली, पण माझा आवाज त्यांना पटत नाही.

खड्डा अजून तसाच. पालिकेत तक्रार केली, नंबर मिळाला. नंबर तेवढे सगळीकडे पटापट मिळतात.

दुसऱ्या लशीसाठी श्यामसुंदरला सांगितलं. "एकदा दिली ना सिस्टर? मग आता काय?" मी काय बोलले ते लिहीत नाही. सुधीर ही वही वाचत नाही, पण तरी.

२ ऑक्टोबर

दसरा. घरी झेंडूचं तोरण, श्रीखंड. मी सकाळी शेडवर. तुर्भेवाली गेली.

नव्या माणसाला म्हटलं, तुर्भेवाली गेली रे. "कौनसी वाली?" म्हणाला. त्याच्यासाठी ती आजाऱ्यांच्या जाळीतली एक. ओळखणारा आता इथे कोणी नाही. मला धरून.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज निशांत आला एकदाचा. तेरा मेली, बहात्तरांतली एकतीस आजारी, एवढं झाल्यावर. पहिल्या पिंजऱ्यात मात्र एकालाही काही नाही. टोचून गाठ न आलेले ते दोघेही ठणठणीत.

त्याने सगळं शांतपणे विचारलं. डब्यात बर्फ किती होता, झाकण किती वेळ उघडं. म्हणाला, "ताई, बर्फात रुतवलेली बाटली वीस मिनिटांत मरत नाही. दत्तू म्हणतो बर्फ होता, तर होता. पहिल्या पिंजऱ्यानंतर दुसरं काय बदललं?"

काही नाही, म्हटलं. पाहुणे आले.

"पंख कशाने पुसलात?"

स्पिरिटने.

त्याने चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाला, "ही जिवंत लस असते ताई. ओल्या स्पिरिटवर टोचली की तिथल्या तिथे मरते. त्या दिवशी फोनवर तेच सांगणार होतो." मला बघून घाबरला असावा. पाणी आणून दिलं. म्हणाला, "तुमची चूक नाही. तुम्ही माणसांच्या नर्स. पक्ष्यांचं तुम्हाला कसं माहीत असणार?"

बरोबर आहे. मला कसं माहीत असणार? कोणी सांगितलं होतं मला? मी फोन ठेवला हे खरं, पण त्याने परत करायचा होता. मेसेज टाकायचा. आणि ती रुमालवाली! ती आली नसती, तिने ते नाक मुरडलं नसतं, तर मी बाटलीला हात तरी लावला असता का? आणि श्यामसुंदर, सहा दिवस थांबवलं त्याने, फोटोसाठी! प्रत्येकाने थोडं थोडं करून मारली ही पाखरं.

जेवले नाही. सुधीरने विचारलं, काय झालं? डोकं दुखतंय म्हटलं.

५ ऑक्टोबर, रविवार

दत्तूच्या घरी गेले. जुन्या गावठाणात, खाडीला लागून. त्याची बायको रखमा दारात सुकट निवडत होती. मला बघून उठली नाही. उठायचं कारणही नव्हतं.

दत्तू बाहेर आला. मी सांगितलं, झाकणाचा काही संबंध नव्हता. स्पिरिटमुळे झालं. पक्ष्यांच्या लशीचं मला माहीत नव्हतं.

तो म्हणाला, "मना तवाच डाउट आला व्हता, म्याडम. आमच्या कोंबऱ्यांना टोचाला गावान डॉक्टर येतात, कोन कवा पुसत नाय. तुमाला बोलनार व्हतो."

मग बोलला का नाहीस? माझा आवाज तिथेसुद्धा चढला. त्याच्याच दारात.

रखमाने सूप खाली ठेवलं. "बोलला त्यो. तुमी आधी काम कर बोललाव. चार मानसांसमोर डाफरलाव त्याला, मंग क बोलंल? तुमी नर्सबाई, त्यो झारू मारनारा."

दत्तू तिला गप्प करत होता. मला म्हणाला, "जाउंद्या. तुमाला तरी काय म्हाइत." मग त्याने विचारलं, तुर्भेवाली कशी हाय. मी सांगितलं. आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आला. बराच वेळ लागला त्याला एक तांब्या पाणी आणायला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दुसरी फेरी. निशांतने लस स्वतः आणली, कुणाची परवानगी न विचारता. चांगली राहिलेली एकेचाळीस. दत्तू आला. कामावर नाही, नुसता आला. "पाखरांसाठी आलोय," म्हणाला. गेटवर एजन्सीचा माणूस त्याला नाव-पत्ता लिही म्हणत होता. त्याला मी ज्या शब्दांत बाजूला केलं ते शब्द मी बऱ्याच वर्षांत वापरले नव्हते.

मी टोचलं नाही. निशांतने टोचलं, दत्तूने धरलं. मी फक्त पायातल्या कड्यांचे नंबर लिहिले. कोणी काही पुसलं नाही. पाऊण तासात झालं. मग दत्तू आजारी पाखरांच्या जाळीत जाऊन बसला, टक-टक सुरू केलं, आणि बावीस जणांनी त्याच्या हातून खाल्लं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

एकेचाळीसपैकी एकोणचाळीस जणांना गाठी! आजारी होती त्यांच्याही खपल्या गळायला लागल्यात, दहा दिवसांत नवीन मरण नाही. निशांत म्हणतो, साथ संपली. मला उड्या मारायला हव्यात.

निशांतने ग्रुपवर लिहिलं, पहिली लस स्पिरिटमुळे वाया गेली, पक्ष्यांच्या लशीची ही खास बाब शर्मिलाताईंना माहीत असणं शक्यच नव्हतं, त्यांच्या सेवेला सलाम. खाली हात जोडलेल्यांची रांग. रुमालवालीचाही गुलाब.

श्यामसुंदरला फोन केला, दत्तूला परत घ्या म्हणून. तो म्हणतो, "सिस्टर, चूक कोणाचीच नाही, अनवधानाने झालं, विषय संपला. आता एजन्सीचा माणूस आहे ना? आणि दत्तूने डबा उघडा ठेवलाच होता की. तुम्हीच लिहिलं होतं." त्या माणसाच्या डोक्यात फोन घालावासा वाटला.

पण लिहिलं होतं मीच.

१६ ऑक्टोबर

माहीत होतं मला.

नवजात पोराच्या डाव्या दंडावर बीसीजी टोचतात, तीही जिवंत लस. तिथे स्पिरिट लावायचं नाही. दवाखान्यात आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. एकीच्या हातातला बोळा हिसकावून कचऱ्यात फेकला होता. एकतीस वर्षं. त्या बाईला दाखवायच्या नादात मी विसरले, आणि निशांतने "कशाने पुसलात" म्हणून विचारलं त्याच क्षणी आठवलं. बारा दिवस ते इथेसुद्धा लिहिलं नाही.

आत्ता ग्रुपवर हेच लिहिलं, असंच्या असं. दत्तूचं नाव घेऊन, त्याची चूक नव्हती, माझी होती, आणि मला माहीत होतं. पाठवलं. सगळ्यांनी वाचलंय.